हेराला मोकळं रान, वॉचमनला शाळा

या देशात कुणाच्या मागावर माणूस लावायचा धंदा करायचा असेल तर त्या धंद्याचं वेगळं लायसन लागत नाही. कुणाची बायको दुपारची कुठं जाते, कुणाचा होणारा जावई बाटली किती घेतो, नोकरीला ठेवायच्या पोराचं मागच्या कंपनीत कुणाशी वाजलं होतं, हे सगळं पैसे घेऊन हुंगून आणणाऱ्या खाजगी गुप्तहेराला ना परीक्षा, ना वर्ग, ना सर्टिफिकिट. गाळा घ्या, पाटी लावा, कार्डं छापा, झालात हेर. पण ज्या साहेबानं तो हेर लावला, त्याच साहेबाच्या बिल्डिंगच्या गेटवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून रात्रभर डास मारायचे असतील, तर त्या माणसाला सरकार सांगतं, आधी शाळेत बस. तास भर. कागद आण. मग डास मार.

दोस्तहो, ही थट्टा मी रचलेली नाही. ती कायद्याच्या पुस्तकात छापलेली आहे.

२००५ साली केंद्रानं खाजगी सुरक्षा एजन्सींचा कायदा केला. १४ मार्च २००६ पासून तो लागू झाला. त्याचं कलम १० म्हणतं, ठरवून दिलेलं प्रशिक्षण ज्यानं पुरं केलेलं नाही त्याला एजन्सीनं गार्ड म्हणून ठेवायचं नाही. किती प्रशिक्षण? केंद्रानं २००६ साली काढलेल्या नमुना नियमांत आकडे दिले आहेत. १०० तास वर्गात, ६० तास प्रत्यक्ष कामाच्या जागी, आणि हे सगळं कमीत कमी २० कामाच्या दिवसांत. २०२० साली नमुना नियम नव्यानं निघाले. कलम १० मात्र जागचं हललेलं नाही. आधी प्रशिक्षण, मग काठी.

आता हेराकडे बघा. २००७ साली खाजगी गुप्तहेर एजन्सींसाठी राज्यसभेत विधेयक आलं. हेरांना लायसन, लायसन द्यायला बोर्ड, असा थाट होता. विधेयक समितीकडे गेलं, समितीनं वाचलं, अहवाल दिला आणि नंतर ते धूळ खात पडलं. २०२० साली सरकारनं ते मागे घेतलं. तेरा वर्षं सरकारला हेराला शाळेत घालायला सवड झाली नाही. वॉचमनला घालायला एक वर्ष पुरलं.

असं का? मला वाटतं याचं उत्तर सोपं आहे. हेराचा गिऱ्हाईक आणि हेराचा मालक एकाच जातीच्या, म्हणजे पैशाच्या जातीच्या पंगतीत बसतात. त्यांच्यातल्या माणसाला सरकार 'तुला काय येतं ते दाखव' असं सहसा विचारत नाही. त्याला येतंच, असं धरून चालतात. गेटवरचा माणूस कोण? मराठवाड्यातला, विदर्भातला, युपी-बिहारचा, आमच्या वस्तीतला, बंद पडलेल्या गिरणीतल्या कामगाराचा नातू. त्याला काहीच येत नाही, असं धरून चालतात. त्याच्याकडनं कागद मागतात.

हा कागद नेमका काय आहे ते बघू. २००६ च्या त्या नियमांत अभ्यासक्रम दिला आहे. मी दहावी पास माणूस, तो दोनदा वाचला. आग विझवणं आहे. प्रथमोपचार आहे. गर्दी आवरणं आहे. बॉम्बसारखी वस्तू ओळखणं आहे. इथवर ठीक. मग येतं, चारचौघांत कसं वागावं आणि युनिफॉर्म नीट कसा घालावा. मग येतं, ओळखपत्रं, पासपोर्ट, स्मार्ट कार्डं तपासणं, आणि त्यासाठी इंग्रजी अक्षरं आणि आकडे वाचता आले पाहिजेत. मग येतं, पोलिसांच्या आणि लष्कराच्या हुद्द्यांचे बिल्ले ओळखणं. वाचून मी थांबलो. बिल्ले कशासाठी ओळखायचे? म्हणजे कुणाला किती टाच आपटून सलाम ठोकायचा हे कळावं. १६० तासांत हे शिकवायला सरकारकडे वेळ आहे.

आणि काय नाही? किमान वेतन किती, हे त्या यादीत नाही. आठ तासांवर काम केलं तर जादा पैसे कसे मिळतात, नाही. प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर कसा बघायचा, ईएसआयचं कार्ड कुठं चालतं, एजन्सीनं पगार बुडवला तर कुणाकडे जायचं, नाही. पिनल कोड आहे, एफआयआर कसा नोंदवायचा आहे, हत्यारांचा आणि स्फोटकांचा कायदा आहे. म्हणजे दुसऱ्याच्या मालाची चोरी झाली तर काय करायचं हे वॉचमनला शिकवायचं. त्याच्या पगाराची चोरी झाली तर काय करायचं हे नाही शिकवायचं. याला मी शिक्षण म्हणत नाही.

आता कागदावरनं खाली उतरू या. जमिनीवर काय चालतं ते सांगतो. माझा एक मावसभाऊ आहे. नाव लिहीत नाही, त्याची नोकरी जाईल. एजन्सीचंही नाव लिहीत नाही, तसल्या पायलीच्या पन्नास आहेत. हा पोरगा गावाकडनं आला, आठ दिवस माझ्याकडे पडला आणि एका एजन्सीत लागला. पहिल्या दिवशी त्याला एका खोलीत नेलं. तीन तास एका माणसानं आगीचं नळकांडं दाखवलं आणि सावधान-विश्राम करून घेतलं. मग सुपरवायझरनं एक मस्टर पुढं टाकलं. वीस तारखा होत्या. वीस सह्या एका बैठकीत करून घेतल्या. दोन पेनं दिली, एक निळं, एक काळं. सह्या वेगवेगळ्या दिवशीच्या वाटल्या पाहिजेत ना! सर्टिफिकिट झालं. दुसऱ्या दिवसापासून बारा तासांची पाळी. सर्टिफिकिटाचे पैसे पहिल्या दोन पगारांतून कापले. युनिफॉर्मचे वेगळे. बुटांचे वेगळे.

वर्षभरानं त्यानं ती एजन्सी सोडली. दुसरीकडे गेला. दुसरी म्हणाली, ते सर्टिफिकिट आमच्याकडे चालत नाही, आमचं घ्यावं लागेल. पुन्हा मस्टर. पुन्हा सह्या. पुन्हा कापाकापी. मी त्याला म्हणालो, तू तर डबल ग्रॅज्युएट झालास. तो हसला नाही. त्याला झोप येत होती.

कुणी म्हणेल, हा भ्रष्टाचार आहे, नियमाचा दोष नाही. नियम नीट पाळला तर चांगलाच आहे. बरं. नीट पाळून बघू. १६० तास म्हणजे रोजचे आठ तास धरले तर बरोब्बर वीस दिवस. गावाकडनं आलेल्या पोराच्या खिशात एसटीच्या तिकिटाचे उरलेले सुट्टे असतात. त्यानं वीस दिवस कुठं राहायचं? काय खायचं? कलम ९ म्हणतं, एजन्सीनं आपल्या गार्डांना प्रशिक्षण मिळेल अशी व्यवस्था करावी. छान. पण त्या वीस दिवसांचा पगार कोण देणार, हे मला त्या कायद्यात कुठं सापडलं नाही. ज्याच्या बापाच्या घरात महिन्याचं रेशन भरलेलं आहे तो वीस दिवस शिकू शकतो. ज्याच्या घरात नाही तो वीस सह्या करतो. म्हणजे खोटी सर्टिफिकिटं ही त्या नियमातली चूक नव्हे. तो नियम भुकेल्या माणसावर लादला की त्याच्यातनं तेच बाहेर पडतं.

आणखी एक गंमत. त्याच २००६ च्या नियमांत फौजेतनं आणि पोलिसांतनं निवृत्त झालेल्यांना सवलत आहे. त्यांना ४० तास वर्गात, १६ तास बाहेर, सात दिवसांत खेळ खल्लास. माझं सैनिकाशी भांडण नाही, तोही गरिबाचाच पोरगा. पण याचा अर्थ काय निघतो ते बघा. सरकारला मान्य आहे की माणूस काम करून शिकतो. काम करून शिकलेल्याला वर्गात कोंबायची गरज नसते. हे सरकारला कळतं. फक्त ते काम वर्दीतलं असलं पाहिजे. गोदामाच्या दारात पंधरा वर्षं काढली, रात्री कुठला ट्रक खरा आणि कुठला खोटा हे नुसत्या इंजिनाच्या आवाजावरनं ओळखलं, तर ते शिक्षण त्यांच्या तराजूत शून्य भरतं.

मला हे टोचतं, कारण मी गोदीत काम करतो. टोळीत नवा गडी आला की त्याला आम्ही शिकवतो. वर लोंबणाऱ्या मालाच्या खाली कधी उभं राहायचं नाही. क्रेनवाल्याला हाताची खूण कशी करायची. वायर रोपचा एखादा तार तुटलेला असला तर तो हाताला कसा लागतो. हॅचमध्ये उतरताना आधी हवा कशी आहे ते बघायचं. हे कुठल्या १०० तासांत बसतं मला माहीत नाही. पहिल्या आठवड्यात जुना गडी नव्याला शेजारी घेऊनच काम करतो. नवा चुकला तर जुन्याचा पाय जातो, म्हणून जुना मन लावून शिकवतो. याच्यापेक्षा कडक परीक्षा कुठल्या बोर्डानं घेतलीय?

इथं आपलेच काही मित्र मला अडवतील. म्हणतील, तू आंबेडकरी पोरगा, आणि शिक्षणाला विरोध करतोस? बाबासाहेबांनी काय सांगितलं?

बाबासाहेबांनी शिकायला सांगितलं. सांगून ते थांबले नाहीत. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उघडलं आणि त्याचे वर्ग सकाळचे ठेवले. का ठेवले? ऑफिसात चिठ्ठ्या फिरवणारा, दिवसा नोकरी करणारा पोरगा सकाळी शिकेल आणि मग कामावर जाईल म्हणून. कॉलेजचं घड्याळ त्यांनी कामगाराच्या घड्याळावर लावलं. त्याच्याही आधी, १८५५ साली, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा चालवली. रात्रीची! दिवसा ते राबत होते म्हणून. आपल्या लोकांचं शिक्षण असं असतं. ते कामगाराच्या दारात येतं, त्याची भाकरी न हिसकावता त्याच्या शेजारी बसतं.

आणि हे सक्तीच्या तासांचं शिक्षण? ते नोकरीच्या दारात आडवं पडलेलं आहे. त्याला ओलांडल्याशिवाय आत जाता येत नाही. आपल्या पूर्वजांना शिकू नको म्हणून मारलं. आता शिकला नाहीस म्हणून हाकलतात. दोन्ही वेळा दाराची कडी त्यांच्याच हातात. मी शिक्षणाच्या विरोधात नाही बाबा. मी त्या कडीच्या विरोधात आहे.

दुसरा मुद्दा जास्त अवघड आहे, तो टाळणार नाही. आग लागली तर? रात्री दोन वाजता अकराव्या मजल्यावर धूर निघाला आणि गेटवरच्या माणसाला पंप कुठला चालू करायचा ते ठाऊक नसलं, तर माणसं मरतील. त्यात तो स्वतःही मरेल. हे खरं आहे. म्हणून आग विझवायचं आणि जखमी माणूस उचलायचं शिक्षण प्रत्येक गार्डला मिळालंच पाहिजे, याबद्दल माझं दुमत नाही. पण बघा, ते शिक्षण कुठल्या खोलीत मिळणार? अंधेरीच्या वर्गात आगीचं नळकांडं दाखवलं म्हणून परळच्या बिल्डिंगमधला वॉल्व कुठं आहे ते कळत नाही. ते त्या बिल्डिंगमध्येच, त्या जिन्यात, त्या पंपाशी उभं राहून कळतं. आणि बिल्डिंग बदलली की पुन्हा शिकावं लागतं. म्हणजे हे काम मालकाचं आहे. ज्याची इमारत, ज्याचा माल, ज्याचा जीव राखायचा, त्यानं आपल्या जागेवर, ड्युटीच्या वेळात, भरपगारी ते शिकवावं. शिकवलं नाही तर दंड त्याला. आज होतं काय, आग लागल्यावर पहिला प्रश्न विचारतात, वॉचमन ट्रेन होता का? सर्टिफिकिट असलं की मालक सुटला, एजन्सी सुटली. त्या कागदानं पहिल्यांदा मालकाची कातडी वाचते.

तिसरे लोक म्हणतात, एवढं असेल तर हेरालाही शाळेत घाला. सगळ्यांना सारखा नियम करा. अमेरिकेत काही राज्यांत खाजगी गुप्तहेराला लायसन टिकवायचं तर दर नूतनीकरणाला ठरावीक तासांचे वर्ग भरावे लागतात. आपल्याकडेही हेरांसाठी कायदा हवा ही मागणी अधूनमधून उठतेच. उद्या नवं विधेयक आलं तर हे तास त्यात घुसणारच.

माझं म्हणणं, नको. हेराबद्दल माझ्या मनात माया नाही. पण तासांनी तो सुधारेल हे खोटं आहे, आणि ते तास कुणाच्या डोक्यावर पडतील हे मला दिसतंय.

२०१८ साली ठाणे पोलिसांनी लोकांचे मोबाईलचे कॉल रेकॉर्ड बेकायदा मिळवून विकल्याच्या प्रकरणात काही खाजगी गुप्तहेरांना अटक केली. त्यातल्या कुणाचा गुन्हा होता, कुणाचा नव्हता, हे कोर्टाचं काम. मी एवढंच विचारतो, दुसऱ्याचा कॉल रेकॉर्ड चोरून विकणं गुन्हा आहे, हे समजायला वर्ग लागतो का? असलं काम जो कोण करतो त्याला ते पक्कं ठाऊक असतं. ठाऊक असतं म्हणून तर तो चोरून करतो आणि चोरीचा भाव लावतो. त्याला वर्षाला बारा तास नीतीच्या वर्गात बसवा. तो बसेल. सही करेल. चहा पिईल. बाहेर येऊन पुन्हा तेच करेल, आणि वर कार्डावर छापेल, सरकारमान्य प्रशिक्षित. माणूस वर्गात बसला होता, एवढंच वर्गाचं सर्टिफिकिट सांगतं. तो गल्लीत काय करतो ते नाही सांगत.

अमेरिकेतलाच एक जुना दाखला देतो. १८९२ साली होमस्टेड गावातल्या कार्नेगीच्या पोलाद कारखान्यात मालकानं कामगारांना टाळा ठोकला. कामगार हटेनात, म्हणून मालकानं पिंकर्टन या खाजगी गुप्तहेर कंपनीची सुमारे ३०० माणसं मागवली. ६ जुलैला ती नदीतनं तराफ्यांवर बसून आली. काठावर कामगार उभे होते. गोळीबार झाला. दोन्ही बाजूंची माणसं मेली. आणि त्या तराफ्यांवर कोण होतं? त्यातली पुष्कळशी पोटासाठी भरती झालेली, शहरातनं गोळा केलेली बेकार माणसं. कंपनीचे मालक तराफ्यावर नव्हते. पुढच्याच वर्षी, १८९३ साली, अमेरिकेच्या संसदेनं कायदा केला. त्यात असं नाही म्हटलं की पिंकर्टनच्या माणसांनी दर साली अमुक तास शिकावं. त्यात म्हटलं, सरकारनं या एजन्सीची किंवा हिच्यासारख्या एजन्सीची माणसं कामाला ठेवायची नाहीत. बस. काय करायचं नाही ते सरळ सांगितलं. तो कायदा सरकारपुरताच होता, खाजगी मालकांना त्यानं हात लावला नाही, ही त्याची लंगडी बाजू. पण रोख बरोबर होता. कृत्याला धरा, माणसं पुरवणाऱ्याला धरा.

आपल्याकडे हेरांना तासांची सक्ती झाली तर काय होईल सांगतो. एसी केबिनमध्ये बसून गिऱ्हाईकाशी बोलणारा एजन्सीचा मालक आपले तास एखाद्या हॉटेलातल्या परिसंवादात भरेल. पण उन्हात पानटपरीशी चार तास उभं राहून समोरच्या दारावर नजर ठेवणारा पोरगा कोण असतो? मोटरसायकल घेऊन मागं मागं फिरणारा? रोजावर लावलेला, आपल्यासारखाच कुणीतरी. त्याला सांगतील, तुझे तास भरलेले नाहीत, तुझं कार्ड रद्द, आजचा रोज नाही. आणि काही लफडं झालं तर म्हणतील, आम्ही तर ट्रेनिंग दिलं होतं, हा त्याचा वैयक्तिक दोष. वॉचमनच्या बाबतीत जे झालं तेच. नियम वरच्यासाठी म्हणून करतात, तो घरंगळत येऊन तळाच्या माणसाच्या टाळक्यावर बसतो.

मग करायचं काय? नुसता विरोध करून गप्प बसणाऱ्यातले आम्ही नाही.

महाराष्ट्रात याचं उत्तर ५० वर्षांपूर्वीच दिलं गेलंय. ते कामगारांनीच भांडून काढलंय. आमच्या गोदीत एकेकाळी रोज सकाळी गेटवर गर्दी उभी राहायची. मुकादम बोट दाखवील तो आत, बाकीचे उपाशी. १९४८ साली गोदी कामगारांच्या नोकरीचा कायदा झाला, त्यातनं बोर्ड आलं. कामगारांची नोंदणी झाली. पाळीनं काम मिळू लागलं, काम नसलं तरी हजेरीचे पैसे मिळू लागले. आमच्या पिढीच्या वाट्याला ते बोर्ड आलं नाही, आम्ही कंत्राटात आहोत, पण जुन्या लोकांच्या तोंडून ते ऐकलंय. पुढं १९६९ साली माथाडी-हमालांचा कायदा झाला. १९८१ साली त्याच वाटेनं महाराष्ट्रानं खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी कायदा केला आणि सुरक्षा रक्षक मंडळं आली. रक्षकाची नोंद मंडळाकडे, मालक पैसे भरणार मंडळाकडे, पगार मंडळातनं. मधल्या दलालाच्या हातात पोराचं पोट नाही.

या तिन्ही कायद्यांचा जीव कशात आहे? कामगाराला काय येत नाही ते विचारण्यात नाही. मालकानं काय द्यायचं ते लिहून घेण्यात आहे. ही दिशा होती. पण १९८१ च्या कायद्यात सूट द्यायचं एक कलम आहे. रक्षकाला मंडळापेक्षा कमी फायदे मिळत नसतील तर सूट देता येते, असं ते म्हणतं. त्या फटीतनं एजन्स्या बाहेर पडतात. आणि मग २००५ च्या कायद्याचं बोट धरून आपल्याला सांगतात, आम्ही सुधारणा करतोय, आम्ही गार्डला शिकवतोय. पगाराचं बोला म्हटलं की सर्टिफिकिट पुढं करतात.

म्हणून आपण मागायचं ते असं. नोकरी आधी, शिक्षण नोकरीत. शिक्षणाचा प्रत्येक तास ड्युटीचा तास, त्याचा पूर्ण पगार, आणि खर्च एजन्सीचा आणि तिला कंत्राट देणाऱ्या मूळ मालकाचा. कामगाराच्या पगारातनं एक पैसा कापायचा नाही. एकदा मिळालेला कागद कामगाराच्या मालकीचा, तो कुठल्याही एजन्सीत चालला पाहिजे. ज्यानं पाच-दहा वर्षं काम केलंय त्याचं काम हाच त्याचा कागद, फौजेतल्याला जी सवलत ती गोदामाच्या दारातल्यालाही. तास भरले गेले नाहीत तर एजन्सीला दंड करा, पोराला घरी पाठवू नका. शिकवायचं ते त्याला कळणाऱ्या भाषेत शिकवा, आणि बिल्ले ओळखायच्या आधी त्याला किमान वेतन ओळखायला शिकवा. मंडळातनं पळून गेलेल्या एजन्स्यांची सूट तपासा, पगाराच्या पावत्यांसकट.

आणि हेरांचा कायदा करायचाच असेल तर त्यात तासांचं गाजर नको. कुणाच्या मागं जायचं नाही, कुणाचं काय चोरायचं नाही, ते लिहा. ज्याच्यावर पाळत ठेवली त्याला तक्रार करायची जागा द्या. आणि पकडल्यावर रोजावरच्या पोराच्या आधी, ज्यानं पैसे घेतले आणि ज्यानं पैसे दिले, त्या दोघांना पिंजऱ्यात उभं करा.

वस्तीतल्या प्रत्येक पोरानं, जो कुठल्या ना कुठल्या गेटवर उभा आहे, त्यानं एक काम या महिन्यात करावं. आपलं सर्टिफिकिट काढून बघावं. त्याच्यावर किती तास लिहिलेत आणि आपण किती तास बसलो, हे कागदाच्या मागं आपल्या हातानं लिहावं. पगारातनं किती कापले तेही लिहावं. दहा जणांचे असे कागद झाले की लेबर ऑफिसरच्या टेबलावर ठेवायला जाऊ. मी पहिल्या पाळीला असलो तर संध्याकाळी येतो, रात्रपाळीला असलो तर सकाळी. तेवढं शिक्षण आपण एकमेकांना फुकट देऊ शकतो.